मदत हवी आहे: उसाची हिरवाई २०२२ पासून अचानक घटलेली दिसते

बांधावरचा:
उद्या सकाळी १० ला गावात बैठक आहे, म्हणून घाईत लिहितोय. वाळवा तालुक्यातलं आमच्या भावकीचं रान सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रांवर बघतोय. २०२१ पर्यंत एनडीव्हीआय (पिकाच्या हिरवाईचा निर्देशांक) ०.८० च्या आसपास होता, त्यानंतर धाडकन ०.५३ वर आला. रान क्षारपड होत चाललंय असं वडील आणि चुलते कधीपासून म्हणताहेत. हा त्याचाच पुरावा ना? बैठकीत तसं सांगू का? सूत्र (जवळच्या अवरक्त किरणांचा बँड ८ वजा लाल, भागिले दोघांची बेरीज) तीनदा तपासलंय.

रानवाट:
कुठल्या तारखांची चित्रं? लागण की खोडवा? मधे तोड झाली असेल तर आकडा पडणारच. आमच्याकडे कारखान्याची टोळी येऊन गेली की आठवड्यात नकाशा तांबडा होतो.

बांधावरचा:
दोन्ही डिसेंबरची, २०२१ आणि २०२३. दोन्ही वेळा आडसाली ऊस उभा होता. तोड नाही.

कृष्णाकाठ:
एनडीव्हीआयचा नाद सोडा, सेंटिनेल-१ घ्या. रडार आहे, ढगातून आरपार दिसतं, रात्रीही चालतं. २०१९ च्या महापुरात आठ-आठ दिवस ऊन नव्हतं, तेव्हा मी त्याच्यावरच पाणी कुठवर आलंय ते बघितलं. तेव्हापासून दुसरं काही उघडत नाही.

जीआयएसवाली:
पुरासाठी रडारच, मान्य. पण प्रश्न डिसेंबरचा आहे, तेव्हा सांगलीवर ढग कुठले? आणि २३ डिसेंबर २०२१ ला सेंटिनेल-१ च्या जोडीतल्या दुसऱ्या उपग्रहाच्या, १बी च्या, वीजपुरवठ्यात बिघाड झाला, त्यानंतर त्याचा डेटाच आला नाही. १सी थेट ५ डिसेंबर २०२४ ला गेला. म्हणजे त्यांच्या काळात एकटा १ए, १२ दिवसांनी परत त्याच वाटेवर.

कृष्णाकाठ:
१२ दिवस उसाला काय जास्त झाले? १६ महिन्यांचं पीक आहे.

खाडीकाठचा:
मच्छीमार बांधवांसाठी सांगतो, सेंटिनेल-३ वर समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्याचा रंग दोन्ही मिळतं, रंगाचं चित्र ३०० मीटरचं. फुकट आहे. आमच्या बंदरावर अजून खूप जणांना माहीत नाही.

माळरान:
यावरून पाऊस कधी पडेल ते कळतं का? आमचा हरभरा वाळतोय.

जीआयएसवाली:
@माळरान, नाही, सेंटिनेल-२ जमीन दाखवतो, पावसाचा अंदाज हवामान खात्याकडेच बघा. @बांधावरचा, दोन्ही चित्रं आत्ताच उतरवली का? फाइलच्या नावात एन आणि पुढे चार आकडे असतील (फाइल कुठल्या प्रक्रिया-आवृत्तीने बनवली ते), ते द्या. आणि जवळच्या तलावाच्या मधोमध क्लिक करून बँड ८ चा आकडा सांगा.

बांधावरचा:
तलावाचा काय संबंध? प्रश्न उसाचा आहे. २०२१ ची जुन्या हार्डडिस्कवर होती, कॉलेजात असताना उतरवलेली. २०२३ ची काल घेतली. जुन्यात एन०३०१, नव्यात एन०५१०. तलावावर जुन्यात २१०, नव्यात १२३०.

जीआयएसवाली:
हेच हवं होतं. साफ पाणी जवळचं अवरक्त किरण गिळतं, तिथे आकडा खालीच राहायला हवा. तुमचं पाणी हजाराने उजळलंय, म्हणजे फरक रानात नाही, फाइलीत आहे. २५ जानेवारी २०२२ पासून (एन०४००) प्रत्येक आकड्यात १००० मिळवून देतात. फार काळोख्या जागी दुरुस्तीनंतर किंमत शून्याखाली जाते, ती कापली जाऊ नये म्हणून ही सोय केली. आपण वापरताना १००० वजा करून मग १०००० ने भागायचं. जुन्या फाइलीला वजाबाकी नको. उसाच्या एका पिक्सेलचे आकडे द्या.

बांधावरचा:
जुनी: लाल ४२०, बँड ८ ३७००. नवी: १४३० आणि ४६५०.

जीआयएसवाली:
नव्यातून हजार-हजार काढा: ४३० आणि ३६५०. वजाबाकी ३२२०, बेरीज ४०८०, म्हणजे ०.७९. न काढता बेरीज ६०८० होते, म्हणून ०.५३ आलं. वजाबाकीत हजार कटतात, बेरजेत दोन हजार चढतात. ऊस होता तसाच आहे.

रानवाट:
बरं झालं विचारलंत. भावकीपुढे हे पुरावा म्हणून मांडलं असतं तर पुढच्या नकाशावर कोणी विश्वास ठेवला नसता.

बांधावरचा:
रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये पुन्हा चालवलं. सगळा पट्टा ०.७५ च्या वर आला. मनापासून आभार, ताई. पण ओढ्याकडचा कोपरा अजूनही ०.४१ दाखवतोय, जुन्या चित्रात तिथे ०.७२ होतं. साधारण १२ पिक्सेल. वडील बोट दाखवतात ते तिथेच.

जीआयएसवाली:
एक पिक्सेल १० मीटर गुणिले १० मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. १२ गुंठे रान खरंच मागे पडलेलं दिसतंय. पण ते क्षारामुळे, पाणी साचून की हुमणीने, हे उपग्रह सांगत नाही.

कृष्णाकाठ:
तिथे रडारही बघा. पाणी साचत असेल तर कळेल.

जीआयएसवाली:
उभ्या उसात रडारला खालचं पाणी नीट दिसत नाही, ५.६ सेंटिमीटरची लहर पानांतच अडकते.

रानवाट:
माती तपासा. वरचा काडीकचरा बाजूला करा, एक फुटापर्यंतची घ्या, कोपऱ्यातली वेगळी, चांगल्या रानातली वेगळी. ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) आणि सामू दोन्ही करायला सांगा. पिशवीवर गट नंबर पेन्सिलीने लिहा, ओलीत शाई फुटते.

बांधावरचा:
उजाडायच्या आत वडिलांना घेऊन कोपऱ्यावर जातो. बैठकीत नकाशाही दाखवतो आणि दोन्ही पिशव्याही.