शासनपुरस्कृत छळातील स्थानिक सहभाग: आमदारांकडे नेमकी कोणती मागणी करावी?

प्रश्न: कॅम्पचा वाचक, बेळगाव

मंडळी, नमस्कार. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात जॉन्स्टन काउंटीच्या विमानतळावरून एरो कॉन्ट्रॅक्टर्स नावाची कंपनी सीआयएसाठी विमाने चालवीत असे, आणि 2001 नंतर दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्यांना गुप्त तुरुंगांत पोहोचविण्यासाठी ती वापरली गेली. खालेद अल-मस्री या जर्मन नागरिकाला जानेवारी 2004 मध्ये मॅसिडोनियातून अफगाणिस्तानात नेले, तेही याच कंपनीच्या विमानाने. माणूस निरपराध निघाला, आणि 2012 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मॅसिडोनियाला जबाबदार धरून त्याला 60,000 युरो द्यायला लावले. नॉर्थ कॅरोलिनातील काही नागरिकांचा प्रश्न मात्र घरचा होता: विमानतळ आपल्या काउंटीचा, कंपनीचा किन्स्टन गावचा हँगर राज्याच्या प्राधिकरणाच्या आवारातला, मग चौकशी आपल्या लोकप्रतिनिधींनी का करू नये?

आपल्या कर्नाटक राज्यातही चंदनतस्कर वीरप्पनच्या शोधासाठी नेमलेल्या विशेष कृती दलाने गावकऱ्यांना बेकायदा डांबून छळल्याच्या तक्रारी होत्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने न्यायमूर्ती सदाशिव समितीकडून त्यांची चौकशी करून घेतली आणि 2007 मध्ये 89 जणांसाठी 2 कोटी 80 लाख रुपयांच्या भरपाईची शिफारस केली. पण डांबण्यासाठी जागा कोणी दिली, वाहने कोणाची होती, वैद्यकीय दाखल्यांवर सह्या कोणाच्या, हे विधिमंडळाने विचारायला नको का? बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरणाऱ्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात आमच्या वाचक गटाला आमदारांना निवेदन द्यायचे आहे. मागणी कशी मांडावी? मराठी निवेदन स्वीकारतील का?

उत्तर: खानापूरचे वकील

1952 च्या चौकशी आयोग कायद्याचे कलम 3 आधी वाचा. सरकारला वाटले तर ते आयोग नेमू शकते, परंतु विधिमंडळाने तसा ठराव केला तर आयोग नेमणे सरकारवर बंधनकारक होते; कर्नाटकात विधान परिषदही असल्यामुळे दोन्ही सभागृहांची संमती लागेल, हे ध्यानात ठेवा. त्याच कलमानुसार आयोगाचा अहवाल, केलेल्या कारवाईच्या टिपणासह, सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावा लागतो. माझ्या मते निवेदनाचा सगळा भर या तरतुदीवर असावा, कारण अहवाल कपाटात पडून राहणे हीच आपल्याकडची नेहमीची गत आहे. आयोग शिक्षा देत नाही, आणि त्याच्यापुढे दिलेली साक्ष त्या साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही (खोट्या साक्षीचा खटला तेवढा अपवाद). त्यामुळे ‘दोषींना शिक्षा करा’ असे आयोगाकडे मागू नका. ‘कोणत्या खात्याने काय पुरवले ते ठरवा’ असे मागा.

उत्तर: निपाणी, निवृत्त सरकारी कर्मचारी

वकीलसाहेबांनी मार्ग सांगितला. मी कागदांविषयी लिहितो, कारण उभी नोकरी त्यांतच गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू खटल्यातील डिसेंबर 1996 च्या निकालाने कोठडीतील माणसाची दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. म्हणजे मारहाण झालेल्या माणसाला ‘जखम नाही’ असा दाखला देणारा वैद्यकीय अधिकारी, आणि समोर उभ्या केलेल्या माणसाकडे न पाहताच कोठडी वाढवून देणारा दंडाधिकारी, हे दोघेही चौकशीच्या कक्षेत येतात. कृती दलाची बरीचशी प्रकरणे या निकालाच्या आधीची आहेत, शिवाय अटकच दाखवली नसेल तर असे दाखले सापडणारही नाहीत. तेव्हा सरकारी जीपगाड्यांची लॉगबुके, डिझेलची बिले, विश्रामगृहांच्या नोंदवह्या यांची नावे घेऊन मागणी करा. ‘कागद नष्ट झाले’ असे उत्तर आले, तर ते नष्ट करण्याचा आदेश मागा. तोही एक कागदच असतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 24 नुसार गुप्तवार्ता व सुरक्षा संघटनांना सूट मिळते, पण मानवी हक्कभंगाच्या आरोपांशी संबंधित माहितीला ती सूट लागू नाही.

उत्तर: यळ्ळूर रोड

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. 2014 च्या जुलैमध्ये बेळगावजवळच्या यळ्ळूर गावातला ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक काढल्यानंतर पोलिसांनी घरांत शिरून मारहाण केल्याच्या तक्रारी झाल्या. त्या बाजूला ठेवून चामराजनगरकडच्या डोंगरातले कृती दलाचे प्रकरण आधी का? आमदारसाहेब सरळ म्हणतील की हा आमच्या जिल्ह्याचा विषय नव्हे.

उत्तर: खानापूरचे वकील

आपला राग रास्त आहे. तरीही दोन्ही विषय एका निवेदनात घातले, तर सभागृहात चर्चा सीमाप्रश्नावर जाईल आणि छळाचा मुद्दा तिथेच संपेल. यळ्ळूरसाठी स्वतंत्र निवेदन द्यावे. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आतच जाता येते, ती मुदत केव्हाच उलटली. म्हणून तिथेही विधिमंडळाचाच रस्ता उरतो. भाषेचे म्हणाल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. सोबत कन्नड प्रत जोडा; कारकुनाला परत पाठवायला निमित्त मिळू नये.

उत्तर: कॅम्पचा वाचक, बेळगाव

सर्वांचे आभार. नॉर्थ कॅरोलिनात राज्याने चौकशी केलीच नाही, म्हणून 2017 मध्ये नागरिकांनी स्वतःचा आयोग बसवून राज्याची राजधानी असलेल्या रॅली शहरात जाहीर सुनावणी घेतली. 2018 च्या अहवालात किमान 49 जणांची ने-आण त्या कंपनीने चालविलेल्या विमानांतून झाल्याचे नमूद झाले. समन्स काढण्याचा अधिकार नसल्यामुळे कंपनीला मात्र हजर राहायला त्यांना भाग पाडता आले नाही. आमच्या मसुद्यात आता कलम 3 चा ठराव ही एकच मागणी ठेवतो, आणि निपाणीच्या काकांनी सांगितलेल्या नोंदवह्यांची यादी परिशिष्ट म्हणून जोडतो. यळ्ळूरचा मसुदा तेथील कोणी लिहून देणार असेल, तर कन्नड प्रत आम्ही तयार करू.