मदत हवी आहे: जुन्या फायरप्लेसचं काय करावं?

न्यू जर्सीतल्या आमच्या १९७०च्या दशकातल्या घराचं काम काढलंय. हॉलमध्ये लाकडं जाळायची विटांची फायरप्लेस आहे. डँपर (चिमणीची वाट बंद करायची झडप) नीट मिटत नाही, त्यामुळे थंडीत तिथूनच गार वारा आत येतो. गॅस इन्सर्ट (जुन्या फायरप्लेसच्या पोकळीत बसणारी गॅसची शेगडी) बसवायचा विचार आहे, म्हणजे चिमणीत लायनर (धूर बाहेर नेणारी आतली नळी) आलाच.

विटा मात्र झाकायच्या नाहीत, नुसता चुन्याचा पातळ हात द्यायचाय. फायरप्लेसच्या तोंडाभोवतीची काजळी चुन्यातून पुन्हा वर येते का? आधी कशाने घासावी?

शिवाय सासऱ्यांनी दिलेली सागवानी फळी मॅन्टल (फायरप्लेसच्या वरचं फडताळ) म्हणून लावायची फार इच्छा आहे. तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड चालत नाही, पण ही फळी भिंतीपासून ८ इंच पुढे येते. मग ती किती उंच घ्यावी? इन्सर्ट बसवलेल्यांनी कृपया सांगा.