पिकलेली केळी, ओट्स आणि सकाळची घाई: तुमचे अनुभव सांगा

तापीकाठ
आज लेकीच्या डब्यासाठी केळं-ओट्सचे पॅनकेक करत होते. तव्यावर तूप सोडलं, पहिली पळी टाकली आणि केळ्याच्या खरपूस वासाने थेट यावल तालुक्यातल्या आजोळी नेलं. तेव्हा सावदा, निंभोरा, रावेर स्टेशनांतून केळ्यांच्या वॅगनी भरून दिल्लीकडे जायच्या. माल कच्चाच जायचा. आखूड नाहीतर डागी फण्या घरी राहायच्या आणि माजघरात सगळ्या एकदमच पिकायच्या. मग मामी परातीत केळी कुस्करायची, त्यात मावेल तेवढी कणीक, मीठ, बडीशेप घालायची आणि धिरडी टाकायची. साखर नाही, गूळ नाही. नीट पिकलेल्या केळ्यात गोडवा भरपूर असतो हे मी तिथे शिकले.

म्हणून मला हे पॅनकेक परके वाटतच नाहीत. कणकेच्या जागी ओट्स आले, एवढंच. वर चॉकलेट सॉस ओतला की मात्र जीव तुटतो, सगळी मेहनत पाण्यात जाते.

माझं प्रमाण: काळे ठिपके पडलेली दोन केळी, वाटीभर जाडे ओट्स, अर्धी वाटी दूध, एक अंडं, अर्धा चमचा बेकिंग पावडर, मीठ, दालचिनी. ओट्स आधी कोरडेच मिक्सरला फिरवायचे, मग बाकीचं घालायचं. दहा मिनिटं झाकून ठेवायचं, तेवढ्यात वेणी होते.

तुमच्याकडे काय चालतं? रेसिपीच हवी असं नाही, आठवणीही लिहा.

सोनकी
अंडं चालत नाही आमच्याकडे. दोन चमचे बेसन घालते, छान धरून राहतं. ओट्सला कणकेसारखा चिकटपणा नाही, त्यामुळे बिनअंड्याचे मोठे घातले की उलटताना तुटतात. पुरीएवढेच घाला, तव्यावर तीन-चार मावतात. बाकी नंतर लिहिते, रिक्षावाले काका आले

माजघर
ती दहा मिनिटं कुणी गाळू नका गं! ओट्स दूध पितात. आधी पातळ वाटलेलं पीठ नंतर बरोबर होतं. आणि आच मंद. केळ्यातली साखर लवकर लाल होते, वरून रंग येतो आणि आत कच्चं राहतं. कडा कोरड्या दिसल्या, वर बुडबुडे फुटले की मगच उलथणं लावायचं.

तापीकाठ, सावद्याचं नाव वाचून बरं वाटलं. माझं सासर फैजपूर. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सासरे शेजारीपाजारी पेढे वाटत फिरले होते.

तापीकाठ
फैजपूर?? अहो मग आपण शेजारीच की! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

रात्रपाळी
पीठ रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलं तर चालतं का? सकाळी सातला घरी येते, साडेसातला मुलाची बस. उभ्याने जे होईल ते.

माजघर
चालतं. बेकिंग पावडर तेवढी सकाळी घाला, रात्री घातली तर फुगणं कमी होतं. पीठ घट्ट झालेलं असेल, चार चमचे दूध घालून सैल करा. वरून थोडं काळपट दिसेल, केळं आहे ते, ढवळलं की झालं. आणि स्वतःही बसून खा हो, मुलाला बसमध्ये चढवल्यावर.

रात्रपाळी
❤️

मांडवीपार
गोव्यात आमच्याकडे जास्त पिकलेल्या केळ्यांचे मुळीक व्हायचे. केळी, कणीक, गूळ, वेलची, गोल सोडून तळायचे. आई गेल्यावर तळण कमी झालं. आता तेच पीठ ओट्स घालून आप्पेपात्रात करते, थेंब थेंब तूप सोडून. नवरा म्हणतो मुळीकच झाले की. मयडे गावची मोठी केळी मिळाली की वेगळीच चव, पण ती शिजवून खायला जास्त छान.

वसईकर
केळ्यांचा विषय आणि सुकेळीचं नाव नाही? राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, ती आमची सुकेळी. बारीक चिरून या पीठात टाका, मनुका विसराल. पण करणारी घरं कमी होत चालली आहेत, दिसली तर घ्या आणि भाव करू नका.

मांडवीपार
पोस्टाने पाठवतं का कुणी?

वसईकर
ओळखीत एक काकू आहेत, विचारून सांगतो.

निवांत६८
मला साखरेचा त्रास आहे. सून प्रेमाने करते, नाही म्हणवत नाही. काय करावे?

ओवी
काका, केळं जसं पिकतं तशी त्यातल्या पिठूळपणाची साखर होत जाते. म्हणून तुमच्या वाटच्या पीठात अर्धंच केळं, तेही कमी पिकलेलं, आणि ओट्स जाडे ठेवायला सांगा, फार बारीक नको. सोबत दही किंवा दाणे. खाऊन दोन तासांनी साखर तपासा, म्हणजे तुमचं तुम्हालाच कळेल. सुनेला जरूर सांगा, प्रेमाने करते तर तिला हे कळायलाच हवं.

आमच्या बाबांना मूत्रपिंडाचा आजार आहे. डॉक्टरांनी पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलंय, म्हणून केळं बंद. चाळीस वर्षं शिकरण-पोळी खाल्लेला माणूस. त्यांच्यासाठी केळ्याऐवजी सफरचंद किसून घालते, आहारतज्ज्ञांना विचारूनच. पहिल्या दिवशी ते काही बोलले नाहीत, पण दुसरा मागून घेतला.

सोनकी
ओवी, बाबांना नमस्कार सांग. फार करतेस गं.

थेम्सकाठी
इथे लंडनमध्ये धाकट्याला सीलियाक, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार, निघाला तेव्हा पोळी, रवा, शेवया सगळंच गेलं. ओट्समध्ये मुळात ग्लुटेन नसतं, पण शेतात आणि गिरणीत गहू-बार्ली मिसळते, म्हणून पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहिलेलेच घ्यायचे. सीलियाक असलेल्या काहींना तेही सोसत नाहीत, आमच्या डॉक्टरांनी हळूहळू सुरू करायला सांगितलं. आता शनिवारी हे पॅनकेक ठरलेले. तो त्यांना ‘केळ्याची भाकरी’ म्हणतो आणि थापायला मागतो.

जाईजुई
केळ्याची भाकरी 😂 गोड आहे

पहिलटकरीण
दहा महिन्यांच्या बाळाला देऊ का? वरून मध लावून?

ओवी
मध एक वर्षापर्यंत अजिबात नको, जंतूंच्या बीजाणूंमुळे विषबाधेचा धोका असतो. मीठही घालू नका. केळं, बारीक ओट्स आणि बाळाचं नेहमीचं दूध, मऊ करून बोटाएवढे तुकडे. अंडं आधी दिलं असेल आणि सोसलं असेल तरच घाला.

जाईजुई
उपासाला ओट्स आमच्याकडे चालत नाहीत, म्हणून राजगिऱ्याचं पीठ आणि केळं, मंद आचेवर. चतुर्थीला पोर वाट बघत असते.

कुणीतरी चिलटांवर उपाय सांगा, टोपली उघडी ठेवायची सोय नाही.

माजघर
वाटीत थोडं व्हिनेगर, त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, टोपलीशेजारी ठेवा. आणि केळी जास्त झाली तर सोलून, तुकडे करून डब्यात घालून फ्रीझरला. सालासकट ठेवू नका, नंतर सोलताना हात गारठतात. पॅनकेकच्या वेळी थेट मिक्सरमध्ये.

वसईकर
मांडवीपार, काकूंशी बोललो. सुकेळी आहे त्यांच्याकडे, व्यनि बघा.