शांत गावाचे नाव चारचौघांत सांगावे का?

लातूरकर : परवा येथे एका सभासदाने हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यातल्या लांग्झा गावच्या मुक्कामाचे वर्णन लिहून, 'अशी शांतता फुकट मिळते, प्रत्येकाने सहकुटुंब जावे' असे आवाहन केले. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. सुमारे ४,४०० मीटर उंचीवरचे ते गाव पर्जन्यछायेत असून हिवाळ्यातला बर्फ वितळून जे पाणी पाटाने येते, त्यावरच तेथील जव आणि वाटाणा पिकतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर आम्ही लातूरच्या लोकांनी दिवस काढले. आपण तरी दुसऱ्याच्या घागरीत हात घालण्यापूर्वी दहादा विचार करावा.

बीडकर : ते वर्णन माझेच आहे. ज्या घरी आम्ही उतरलो, तेथील आजींनी सांगितले की वाटाणा हातचा गेला त्या वर्षी पाहुण्यांच्या पैशावर घर चालले. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात आणि मागे म्हातारी माणसे राहतात. घर न सोडता चार पैसे मिळत असतील, तर ते आपण का अडवावेत?

परभणीकर : पाण्याचा विषय निघालाच आहे, तर तेथील संडासाबद्दल कोणीच का लिहीत नाही? जमिनीला चौकोनी भोक, कोपऱ्यात माती आणि राखेचा ढीग, त्यात खोचलेले फावडे. वर फावडाभर माती लोटायची, पाणी टाकायचे नाही, कारण खाली तयार होणारे खत शेतात जाते. आमच्यातील दोघांनी सवयीने बादलीभर पाणी ओतले. घरची बाई एक शब्द बोलली नाही. सकाळी मात्र तोंडाला फडके बांधून ती आणि तिचा मुलगा खालच्या खोलीत माती टाकत होते. त्यांच्या हातचा चहा मला गिळवेना.

नांदेडकर : माझ्या आईचे वय सत्तर आहे, गुडघे गेलेले आहेत. तिला पाण्याविना जमत नाही. अशा माणसांनी हिमालय पाहूच नये काय?

परभणीकर : पाहावा, पण पाणी पुरेल तेथे. मे २०१८ मध्ये शिमल्यासारख्या शहरात टँकरपुढे रांगा लागल्या आणि पर्यटकांनी येऊ नये, असे तेथील रहिवासीच सांगू लागले. मग लहानशा गावाचे काय होईल? वयाची सबब पुढे करू नका.

नांदेडकर : सबब? गुडघे धरून उठणाऱ्या माणसाला जवळून पाहिले असते, तर हा शब्द आपण वापरला नसता. तो मागे घ्यावा.

परभणीकर : शब्द मागे घेतो. पाण्याबद्दलचे म्हणणे मागे घेत नाही.

लातूरकर : कुल्लूच्या मलाणा गावाने २०१७ साली देवतेचा आदेश मानून पर्यटकांचा मुक्काम बंद केला. पाहुण्यांचा पैसा तेथेही येत होता, बीडकर.

बीडकर : येत होता, आणि तरीही त्यांनी नको म्हटले, हे मला मानावे लागते. परंतु तो निर्णय मलाण्याने घेतला, लातूरने नव्हे. लांग्झाने दार लावले, तर मी पहिला मागे फिरेन. फावड्याची गोष्ट मी लिहायला हवी होती, ती आज वर्णनात घातली आहे. 'प्रत्येकाने सहकुटुंब' हे शब्दही काढले. गावाचे नाव मात्र काढणार नाही, कारण आजींनी निरोप देताना 'आणखी लोकांना पाठवा' असेच सांगितले होते.