शुल्क बदललं तेव्हा तुमचा माल कुठे होता? अनुभव सांगा

२०२५ला पोळ्याच्या तीन दिवस आधी, १९ ऑगस्टला, परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठलं. २७ तारखेला घरोघरी गणपती बसले आणि त्याच दिवसापासून अमेरिकेने आपल्या बहुतेक मालावरचं शुल्क एकूण ५० टक्क्यांवर नेलं. दुसऱ्याच दिवशी कापसाची सवलत ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. तेव्हा आमच्या पऱ्हाटीला (कापसाच्या झाडांना) पात्या-फुलं होती, बोंडं हिरवी होती.

टीव्हीवर टक्क्यांची चर्चा भरपूर ऐकली. इथे प्रत्येकाने आपल्या घरचं सांगावं. कोणतं शुल्क बदललं, त्या दिवशी तुमचा माल शेतात होता, घरात होता की विकून झाला होता, आणि शेवटी हातात काय पडलं. सुरुवात माझ्यापासून.

मी हिंगणघाट तालुक्यातला, नऊ एकर कापूस. कापसावरचं हे शुल्क लागलं २०२१च्या फेब्रुवारीत. पुढच्याच हंगामात भाव असा चढला की माझ्या आयुष्यात तसा पाहिला नव्हता. मी संक्रांतीला क्विंटलला ९,४०० रुपयांनी विकला. १४ एप्रिल २०२२ला सरकारने शुल्क काढलं तेव्हा माझ्या घरी वातीपुरता कापूस उरला होता. मला झळ लागली नाही.

२०२५ला सितादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) करून वेचणीला लागलो आणि पाऊस आला. वेचणी किलोला ११ रुपये, तीही रोख, आठवड्याच्या आठवड्याला. दिवाळी तोंडावर होती, सरकारी खरेदी सुरू व्हायची होती. खेडा खरेदीवाल्याने (गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याने) ६,६०० सांगितले. हमीभाव तेव्हा ८,११० होता. अठरा क्विंटल त्याच्या काट्यावर घातला, कारण वेचणाऱ्या बायकांना थांबा म्हणता येत नाही. नंतर कपास किसान ॲपवर नोंदणी करून बारा क्विंटल सरकारी खरेदी केंद्रावर नेला. ओलावा १४ निघाला, मर्यादा १२ची, गाडी परत. चार दिवस गच्चीवर पसरून वाळवला, बायको आणि मी दर तासाला हाताने उलटवत होतो. दुसऱ्या खेपेला ११ निघाला. आठच्या वरच्या तीन टक्क्यांची कपात होऊन ७,८६६ लागला. मला हमीभाव मिळाला का, असं कोणी विचारलं तर काय सांगू? बाराला मिळाला, अठराला नाही.

सवलत तीच, ११ टक्क्यांचीच. एप्रिलमध्ये दिली तर माझं काही गेलं नाही, पोळ्याला दिली तर अठरा क्विंटलवर गेलं. मला तारखेबद्दलच बोलायचं आहे.

वणी भागातून, जिनिंगवाला

तुमचं म्हणणं मान्य, पण आमच्या बाजूचंही ऐका. शुल्क उठलं त्या आठवड्यात माझ्याकडे जुन्या हंगामाच्या रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) गठाणी पडून होत्या. दक्षिणेतल्या ज्या सूतगिरण्या रोज फोन करायच्या, त्यांचे फोन एकदम बंद झाले. खंडीचा, म्हणजे ३५६ किलो रुईचा, भाव उतरला. क्विंटलभर कापसातून मला चौतीस किलोच्या आसपास रुई मिळते, बाकी सरकी. रुई उतरली की मी कापूस चढ्या भावाने घेऊच शकत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. गिरणीवाला फक्त भावासाठी ब्राझील-ऑस्ट्रेलियाचा माल घेत नाही. तो माल यंत्राने वेचलेला, त्यात केस नाही, सुतळी नाही. माझ्याकडे पट्ट्यासमोर सहा बायका दिवसभर बसून असतात. त्यांच्या टोपलीत संध्याकाळी काय असतं ते पाहायला या. युरियाच्या पोत्याचे पांढरे धागे, साडीची दोरी, गुटख्याची पुडी. पोत्याचा पांढरा धागा रुईत दिसत नाही, कापडाला रंग दिला की दिसतो, कारण तो रंग घेत नाही. मग अख्खा तागा नापास. सुती चादर बांधून वेचलेला कापूस कोणी आणला तर मी क्विंटलला शंभर रुपये जास्त देतो. हे मी गेल्या वर्षीपासून करतोय. आतापर्यंत चौदा शेतकरी झाले.

धागाकर्ता (चर्चा सुरू करणारा)

शंभर रुपयांची गोष्ट आमच्याकडे कोणी बोललं नव्हतं. पण आपलं हेक्टरी उत्पादन साडेचारशे किलो रुईच्या आसपास, ब्राझीलचं त्याच्या चौपट. आमची जमीन कोरडवाहू, वेचणी हाताची. त्यांच्या खर्चाशी आमची बरोबरी होते कशी?

वरूड, संत्र्याचा बगीचा

आमचं गाऱ्हाणं दिल्लीचं नाही, ढाक्याचं आहे. नागपुरी संत्र्याचं सगळ्यात मोठं बाहेरचं गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९ला त्यांनी किलोमागे २० टका लावले. आम्ही म्हटलं, जाऊ द्या. मग दरवर्षी वाढवत गेले आणि २०२३ला ८८ टका झाले. झाडावरच्या संत्र्याला किलोला पंचवीस रुपये मिळाले तर आम्ही खूश, आणि सीमेवर त्याच्या दुपटीहून जास्त नुसता कर!

त्या वर्षी आंबिया बहाराचा सौदा ऑगस्टमध्ये झाला होता, पन्नास हजार इसार (आगाऊ रक्कम) घेतला होता. तोडणीच्या वेळी व्यापारी आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, "दादा, गाडी तिकडं लावून राह्यलो तं भाड्याचे पैसे निघत नाई, इसार तुमच्याकडंच राहू द्या." त्याला मी शिव्या दिल्या नाहीत, तोही बुडाला होता. तीनशे झाडांखाली गळलेल्या फळांचा सडा होता. माझी आई सत्तर वर्षांची, रोज सकाळी टोपल्यात गोळा करून बांधावर नेऊन टाकायची, माशी वाढू नये म्हणून.

राज्य सरकारने निर्यातीला अनुदान जाहीर केलं होतं, ते निर्यातदाराच्या हातात. बगीचेवाल्यापर्यंत त्यातला रुपया आला असेल तर त्याने इथे जरूर लिहावं.

यवतमाळ जिल्हा, तूर-सोयाबीन

तुरीचं थोडक्यात. मे २०२१ला परदेशी तुरीवरची आयातीची मर्यादा उठली, मार्च २०२३ला शुल्कही गेलं आणि मुदत वाढतच राहिली. २०२४ला भाव दहा हजारांवर गेला म्हणून आम्ही पेरा वाढवला, माल घरी आला तेव्हा सात हजार. बस्स, एवढंच.

गोंदिया, राईस मिलमध्ये हमाली

आमच्या मिलमधून उकडा तांदूळ बाहेर देशात जातो. २५ ऑगस्ट २०२३ला त्यावर २० टक्के निर्यात शुल्क लागलं, त्याच्या महिनाभर आधी साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली होती. आमची मजुरी पोत्यावर. रोजचे दोन ट्रक भरायचो, ते आठवड्याला दोन झाले. टोळीतले चार जण हैद्राबादला गेले. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये शुल्क पूर्ण उठलं, काम परत आलं, ते चौघं आले नाहीत.

गडचिरोली जिल्हा, बांबूकाडी

शुल्कामुळे चांगलं झालेलं कोणी सांगितलं नाही, म्हणून मी लिहिते. अगरबत्तीची काडी व्हिएतनाम-चीनमधून यायची. आमच्याभोवती सगळं बांबूचं जंगल आणि देवापुढची काडी परदेशी, हे मला बचत गटाच्या बैठकीत पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं. २०१९ला अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले, जून २०२०मध्ये बांबूवरचं शुल्क १०चं २५ टक्के झालं. त्यानंतर आमच्या गटाने कर्ज काढून मशीन घेतली. आम्ही अकरा बायका.

पण नुसत्या शुल्काने काडी होत नाही. गोल काडीला लांब पेराचा बांबू लागतो. आमचा मानवेल बांबू चिवट, पेरं आखूड. किलोभर बांबूतून पाव किलोसुद्धा धड काडी निघत नव्हती. पहिले सहा महिने काडीवर बोट फिरवून खरखर तपासत बसायचो, बोटांत कुसळं भरायची, रात्री एकमेकींच्या हातातली सुईने काढायचो. मग उरलेल्या चुऱ्याचा कोळसा करायला शिकलो, अगरबत्तीच्या मसाल्याला तोच लागतो. कोळशाने हप्ता निघतो, काडीने मजुरी निघते. शुल्क उद्या कमी झालं तर मशीन बंद पडेल का, हे मी दर बजेटला टीव्हीपुढे बसून पाहते. पाच वर्षांत बांबूची लागवड आमच्या गावात कोणीच सुरू केली नाही, मला त्याची जास्त काळजी आहे.

खामगाव, निवृत्त शिक्षक

तारखेचा विषय वऱ्हाडाला नवा नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. आमच्या खामगावात कापसासाठी रेल्वे आली ती १८७०ला. १८९६ला इंग्रजांनी इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला, मँचेस्टरच्या कापडाला इथला मुकाबला नको म्हणून.

माझ्या स्वतःच्या आठवणीतली एकाधिकार खरेदी (सगळा कापूस सरकारलाच विकायचा), १९७२ची. भाव आधी ठरलेला असायचा हे खरं, पण चुकारे (विकलेल्या मालाचे पैसे) हप्त्यांनी यायचे. वडील बैलगाडीने कापूस नेत, तीन-तीन दिवस रांगेत, रात्री गाडीखाली झोपत. माझी मॅट्रिकची फी दुसऱ्या हप्त्यातून भरली, म्हणून ती तारीख अजून लक्षात आहे.

अमरावती, कपड्याच्या कारखान्यात शिलाई

मी तीन दिवस ही चर्चा वाचतेय, लिहू की नको करत होते. आमच्या कारखान्यातून माल अमेरिकेला जातो. मी ओव्हरलॉक शिलाई मशीनवर आहे. बाबांची दर्यापूरकडे पाच एकर पऱ्हाटी आहे.

गणपतीच्या आठवड्यात सुपरवायझरने आमची लाईन थांबवून सांगितलं की पुढची ऑर्डर गिऱ्हाइकाने थांबवली आहे, ओव्हरटाईम बंद. कापलेले पीस गठ्ठे बांधून ठेवले होते, बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळ्या. सप्टेंबरचा पगार साडेतीन हजारांनी कमी आला. तेव्हा मला वाटलं, कापसाचं शुल्क काढलं हे बरं केलं, सूत स्वस्त होईल, मालकाला परवडेल, आमची लाईन चालेल. मैत्रिणींना मी तसं बोलूनही दाखवलं.

दसऱ्याला घरी गेले. ओसरीत कापूस होता, पहिल्या वेच्याचा. बाबा म्हणाले, "सहा हजार सांगून राह्यले." मी त्यांना शुल्काचं काहीच बोलले नाही. ज्या सवलतीने माझी मशीन चालेल असं वाटत होतं, तिनेच त्यांचा भाव खाली आणला होता. मशीनही पूर्ण चालली नाही, अमेरिकेचा भार तेव्हा ५० टक्क्यांचा, स्वस्त सुताने तो किती झाकणार?

आमच्याकडे आता हे रोजचंच झालंय. संध्याकाळी बाबा फोन करतात, मी विचारते भाव काय, ते विचारतात ऑर्डर आली का.

धागाकर्ता

ताई, बाबांना सांगा, ओसरीतला कापूस ओलावा १२च्या खाली येईपर्यंत वाळवा आणि केंद्रावर न्या. सातबारावर कापसाचा पेरा नोंदलेला आहे ना ते तलाठ्याकडे आधी पाहून घ्या, ॲपवर तिथेच अडतं. माझा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो. दर्यापूरचं कोणी वाचत असेल तर केंद्रावर सध्या किती दिवसांचा नंबर लागतोय ते लिहा.