असल्फ्याच्या टेकडीचे रंग नेमके कुणासाठी?

गच्चीवरचा (धागाकर्ता): २०१४ला मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपरची असल्फा टेकडी रोज प्रवाशांच्या खिडकीत येऊ लागली. २०१७च्या अखेरीस स्वयंसेवकांनी तिच्या भिंती निळ्या, पिवळ्या, गुलाबी केल्या. लोक फोटो काढायला चढू लागले. माझं म्हणणं एवढंच, भिंत ज्याची, त्याला आधी विचारा. चित्र कशाचं, आणि पावसाळ्यात पापुद्रे सुटले की ब्रश कोण उचलणार, हे वस्तीच्या बैठकीत ठरू दे. चित्रकार नंतर बोलवा.

पायरीखालचा नळ: मी अशाच एका टेकडीवर वाढलो. आमच्याकडे रंगवायला आले तेव्हा आईनं विचारलं होतं, "आतून ओल येते, तिचं काय?" कुणाकडे उत्तर नव्हतं. दरडीची भीती तशीच, शौचालयाची रांग तशीच. बैठक जरूर घ्या, पण लोक तिथे पाणी मागतील. ते ऐकून घ्याल?

कुर्ल्याची: गरिबानं आधी नळ मागावा, मग रंग, हा क्रम लावला कुणी? दिवाळीला आमच्या गल्लीत पत्र्याच्या घरालाही रंग लागतो, वीतभर उंबऱ्यापुढे रांगोळी असते. दोन्ही हवं आम्हाला.

ब्रशवाला: मी पोटासाठी भिंती रंगवतो. बैठकीत पंधरा जणांची पंधरा मतं, शेवटी मोर आणि कमळ. असं चित्र कुणाचंच नसतं.

गच्चीवरचा: मग वारल्यांचा लग्नचौक, म्हणजे लग्नाच्या वेळी घरात काढतात ते चित्र? कुडाच्या भिंतीवर, गेरूवर तांदळाच्या पिठानं तो सवाशिणी मिळून काढतात. खाली कुणाची सही नसते, तरी तो अख्ख्या घराचा असतो. वारली चित्रातली माणसं आता उड्डाणपुलाच्या खांबांवर नाचताना दिसतात, पण तिथे ना लग्न, ना ते घर. अमेरिकेत फिलाडेल्फियात १९८४ला भिंती खराब करणाऱ्या पोरांनाच हाताशी धरून चित्रकार जेन गोल्डन यांनी काम सुरू केलं. तिथे आज हजारो भित्तिचित्रं आहेत आणि चित्राआधी मोहल्ल्याशी बोलणं होतं. वेळ जातो, जाऊ दे.

ब्रशवाला: चौकात काय काढायचं हे त्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. आमच्या गल्लीत कोण कोकणातला, कोण जौनपूरचा. सगळ्यांचं मिळून असं काय काढू?

कुर्ल्याची: तेच विचारायला बैठक घ्यायची ना! रंग न्यायचे ते खडू घेऊन जा, पोरं जमिनीवर काढून दाखवतील.

पायरीखालचा नळ: माझी एकच अट. रंगाच्या पैशातून आधी गिलावा आणि वॉटरप्रूफिंग.

ब्रशवाला: मग टेकडी राहिली, दोनच गल्ल्या होतील.

पायरीखालचा नळ: दोनच करा.