जुना लॅपटॉप: रात्री सुरू झालेला पेनड्राइव्ह सकाळी का दिसत नाही?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असलेला माझा लॅपटॉप २००९ सालचा आहे. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ हे यंत्र स्वीकारत नाही, म्हणून लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम पेनड्राइव्हवरून टाकायचे ठरवले. काल रात्री बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बूटसाठी, म्हणजे यंत्र कशावरून सुरू व्हावे यासाठी, यूएसबीला पहिला क्रम दिल्यावर मिंट व्यवस्थित सुरू झाले. उशीर झाल्याने इन्स्टॉल न करता चार्जर काढून ठेवला. सकाळी तोच पेनड्राइव्ह लावला, तर थेट विंडोजच उघडले. बॅटरी केव्हाच निकामी झाली आहे. ब्राउझरही घड्याळ मागे असल्याची तक्रार रोज करतो, पण तो प्रश्न वेगळा. पेनड्राइव्ह बिघडला असेल का?

उत्तर (ऐरोली)
मिंटच्या आयएसओ फाइलचा (डाउनलोड केलेल्या इन्स्टॉल फाइलचा) चेकसम, म्हणजे फाइल अखंड उतरली का हे सांगणारा आकडा, जुळतो का, ते पाहावे. तसेच या वयाच्या लॅपटॉपमध्ये बहुधा यूईएफआय (बायोसची नवी आवृत्ती) नसते, त्यामुळे रुफस या पेनड्राइव्ह तयार करण्याच्या प्रोग्रॅममध्ये एमबीआर हा जुन्या बायोसला चालणारा पर्याय निवडूनच पेनड्राइव्ह तयार करावा.

उत्तर (वाशी)
पेनड्राइव्ह एकदा सुरू झाला आहे, तेव्हा दोष तिथे नसावा. आपण ज्याला वेगळा प्रश्न म्हणता, तोच मला मूळ प्रश्न वाटतो. बायोसची तारीख आणि बूटचा क्रम मदरबोर्डवरच्या ३ व्होल्टच्या छोट्या सेलवर टिकून राहतात. तो सेल संपला असेल आणि मोठी बॅटरीही नसेल, तर चार्जर काढताक्षणी सगळे पुसले जाते व हार्डडिस्क पुन्हा पहिल्या क्रमावर येते. तूर्त बायोसमध्ये तारीख दुरुस्त करावी, बूट मेनूची कळ (कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप) दाबून पेनड्राइव्ह निवडावा आणि इन्स्टॉल पूर्ण होईपर्यंत चार्जर काढू नये. सेल मात्र बदलावाच, कारण घड्याळ मागे गेले की ‘डिस्क भविष्यात माउंट झाली (वापरासाठी जोडली गेली) होती’ अशा अर्थाचा इशारा लिनक्सही देऊ शकते.

प्रश्नकर्ता
बायोसमध्ये खरोखरच १ जानेवारी २००९ ही तारीख दिसली. एफ१२ दाबून मिंट इन्स्टॉल झाले. नंतर चार्जर काढून रॅमचे झाकण उघडले, तेव्हा काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, दोन वायरींचा सेल सापडला; मल्टीमीटरवर तो जेमतेम ०.९ व्होल्ट दाखवत होता. स्टेशनजवळच्या दुकानदाराने आधी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल पुढे केला, हे सोडल्यास नवा सेल मिळायला अडचण आली नाही. रात्रभर चार्जर काढून ठेवूनही आज तारीख बरोबर आहे.